शेवटच्या वाड्याची बस: शेड आधी की बस वळवायची जागा?

हे प्रकरण गोव्यातल्या सत्तरी तालुक्यातल्या एका ग्रामपंचायतीचे आहे. गाव आणि माणसे ओळखू येतील असे तपशील गाळले किंवा बदलले आहेत. निर्णय कोणत्या क्रमाने झाले आणि कुठे अडले, ते मात्र घडले तसेच ठेवले आहे. पंचायतीच्या बाजूने अर्ज आणि पत्रे लिहिण्याचे काम माझ्याकडे होते, म्हणून बैठका जवळून पाहता आल्या. गोव्यात १९१ ग्रामपंचायती आहेत आणि बसचा प्रश्न यातल्या बहुतेकींच्या ग्रामसभेत कधी ना कधी येतो. पंचायतीला बसवर काही अधिकार नाही, एवढे बोलून तो तिथेच संपतो. इथे तो तिथे संपला नाही, म्हणून लिहितो आहे.

पार्श्वभूमी

गावाचे दोन भाग. खाली मुख्य रस्त्याला लागून तिठा, म्हणजे तीन रस्ते मिळतात ती जागा, आहे. तिथे पंचायत घर, रेशनचे दुकान आणि चहाची दोन-तीन हॉटेले. तिथून एक अरुंद डांबरी रस्ता काजूच्या बागायतींमधून चढत सुमारे तीन किलोमीटरवरच्या शेवटच्या वाड्यावर, म्हणजे वस्तीवर, जातो आणि तिथेच संपतो. पुढे रान.

वाड्यावरच्या लोकांची कामे सगळी खाली. बाजार आणि आरोग्य केंद्र वाळपईला, कॉलेज साखळीला, कारखान्यातली नोकरी होंडा किंवा पिसुर्लेच्या औद्योगिक वसाहतीत. मुख्य रस्त्यावरून कदंब या सरकारी महामंडळाच्या बस जातात. आतल्या रस्त्याला एका मालकाची खाजगी मिनीबस, तेवढीच. शाळेच्या मुलांना बालरथ ही शाळेची बस आहे, पण ती शाळेपुरती. कॉलेजच्या मुलींना, औषधाला जाणाऱ्या म्हाताऱ्यांना आणि पाळीवरून परतणाऱ्यांना ही मिनीबसच.

अडचण

२०२० मध्ये कोविडच्या टाळेबंदीत बस थांबली. ती पुन्हा सुरू झाली तेव्हा सकाळच्या आणि दुपारच्या फेऱ्या वर येऊ लागल्या, पण संध्याकाळची शेवटची फेरी तिठ्यावरच संपू लागली. असे का, हे कुणी सांगितले नाही आणि कुणी लेखी विचारलेही नाही. एक पावसाळा गेला, दुसरा गेला, आणि संध्याकाळची बस तिठ्यापर्यंतच असते हे गावाने धरून घेतले.

साखळीहून येणारी मुलगी तिठ्यावर उतरायची तेव्हा अंधार पडलेला असायचा. पुढचे तीन किलोमीटर चढाचे, दिव्याचे खांब विरळ, आणि या भागात गवे रस्त्यावर येतात. मग बाप किंवा भाऊ स्कूटर घेऊन खाली यायचा. ज्या घरात स्कूटर नव्हती तिथल्या मुली तिठ्यावर थांबून कुणाची सोबत मिळते का पाहायच्या. सोबत मिळाली नाही तर शेवटचे तास बुडवून दुपारची बस धरायच्या. बारावीनंतर पुढे शिकावे की नाही, हे वाड्यावरची काही घरे शेवटच्या बसकडे बघून ठरवत होती. मला यातली सर्वांत गंभीर गोष्ट हीच वाटते, आणि ती कुठल्याही अर्जात आली नव्हती.

स्कूटर घेणारी घरे वाढली तसे सकाळच्या बसचे उतारूही कमी झाले. खाली न्यायला येणारा माणूस सकाळी सोडायलाही जाऊ लागला. बस रिकामी, म्हणून मालकाला वर यायची इच्छा आणखी कमी. असे चक्र सुरू झाले की ते आपोआप थांबत नाही.

मागणी शेडची का झाली

गोव्यात ग्रामसभेच्या साधारण बैठका जानेवारी, एप्रिल, जुलै आणि ऑक्टोबर या महिन्यांत रविवारी होतात. जुलैच्या सभेत विषय निघाला तेव्हा पाऊस धो-धो चालू होता. तिठ्यावर भिजत उभ्या राहणाऱ्या मुलींचे बोलणे झाले आणि ठराव लिहिला गेला: "तिठ्यावर बसथांब्याची शेड बांधावी."

या ठरावाला कुणाचा विरोध नव्हता. शेडचे अंदाजपत्रक निघते, निविदा निघते, चिरे येतात, वर पत्रे पडतात, उद्घाटन होते. वित्त आयोगाच्या अनुदानातला जो भाग पाणी आणि स्वच्छतेला बांधलेला नसतो, त्यातून पैसे देता येतात. मुख्य रस्त्याच्या कडेला असल्याने सार्वजनिक बांधकाम खात्याचा ना हरकत दाखला लागतो, एवढीच बाहेरची पायरी. पंचायतीच्या हातात आहे आणि डोळ्यांना दिसते, असे काम कुणालाही आवडते.

पण शेड झाली असती तर मुली कोरड्या उभ्या राहिल्या असत्या, आणि उभ्याच राहिल्या असत्या. हे पहिल्यांदा बोलून दाखवले वाड्यावरच्या एका पंच बाईंनी, आणि तेही ग्रामसभेत नव्हे, नंतरच्या पंचायत बैठकीत. त्यांचा प्रश्न साधा होता: बस वर येत नाही ती येऊ शकत नाही म्हणून, की यायची नाही म्हणून? याचे उत्तर कुणाकडेच नव्हते. सरपंचांनी शेडचा विषय पुढच्या बैठकीपर्यंत राखून ठेवला. निर्णयाचा पहिला टप्पा हा, आणि माझ्या मते सर्वांत महत्त्वाचाही हाच. मंजूर होऊ घातलेले काम एका प्रश्नासाठी थांबवायला धीर लागतो. तिठ्यावरच्या दुकानदारांनी त्यावर सरपंचांना बरेच ऐकवले.

परमिटचा कागद

मोटार वाहन कायदा, १९८८ प्रमाणे वाटेत थांब्याथांब्यावर उतारू घेणाऱ्या अशा बसला टप्पा वाहतुकीचे परमिट लागते. मार्ग कुठून कुठे, रोज किमान किती फेऱ्या, कोणत्या वेळापत्रकाने, या अटी त्या परमिटला जोडता येतात. गावात हा कागद कुणी पाहिलेला नव्हता. माहिती अधिकार कायद्याखाली वाहतूक खात्याकडे अर्ज केला. परमिटची आणि वेळापत्रकाची प्रत मागितली. कायद्याने ३० दिवसांची मुदत आहे, आणि मुदतीत उत्तर आले.

परमिटमध्ये मार्गाचे शेवटचे ठिकाण म्हणून वाड्याचे नाव स्पष्ट होते. संध्याकाळची शेवटची फेरीही वाड्यापर्यंतच होती. म्हणजे नवी बस मागायचा प्रश्नच नव्हता. मंजूर असलेली बस तीन किलोमीटर आधी थांबत होती.

समोर असलेले पर्याय

कागद हातात आल्यावर बैठकीचा सूर बदलला. तक्रार करायची, असे बहुतेक पंचांचे मत झाले. परमिटच्या अटी मोडल्या तर कायद्याच्या कलम ८६ खाली मालकाचे म्हणणे ऐकून परमिट निलंबित किंवा रद्द करता येते, नाहीतर त्याऐवजी ठरलेली रक्कम भरून घेता येते. तक्रार पक्की होती. पण परमिट निलंबित झाले तर सकाळची आणि दुपारची बसही जाणार. दुसरा मालक या मार्गावर येईल याची खात्री कुणी देईना. एक बस असलेल्या गावाने त्या बसवर कारवाई मागायची म्हणजे आपल्याच पायावर धोंडा. हे वाड्यावरच्या लोकांना लगेच कळले. तिठ्यावरच्यांना पटायला वेळ लागला, कारण त्यांच्याकडे कदंबची बस होतीच.

दुसरा पर्याय महामंडळाकडे बस मागायचा. तसा अर्ज गेला आणि रस्ता पाहायला माणसेही आली. मधल्या एका वळणावर मोठी बस वळत नाही, लहान बस लागेल, असे त्यांनी पाहून सांगितले. ते खरेच होते. अर्ज चालू ठेवला, पण त्यावर विसंबून राहायचे नाही असे ठरले.

पंचायतीने स्वतः जीप भाड्याने लावावी अशीही सूचना आली. ती तरुणांची होती, मनापासूनची होती, आणि सर्वांत कच्ची होती. खाजगी वाहनातून भाडे घेऊन माणसे नेता येत नाहीत. अपघात झाला तर विमा हात वर करील. भाडे न घेता चालवायची तर डिझेल आणि चालकाचा पगार दरमहा कुठल्या खात्यातून टाकायचा? घरपट्टी आणि बांधकाम परवान्यांची फी यांवर चालणाऱ्या लहान पंचायतीला हा खर्च वर्षभर झेपत नाही, आणि लेखापरीक्षणात आक्षेप येतो तो वेगळाच. सचिवांनी हे शांतपणे समजावून सांगितले.

राहिला चौथा मार्ग: मालकाला बोलावून विचारायचे. इतक्या वर्षांत हे कुणी केले नव्हते.

मालकाचे म्हणणे

बैठक पंचायत घरात झाली. मालक आला, सोबत चालकही आला. परमिटची प्रत टेबलावर होती, पण सरपंचांनी ती पुढे केली नाही. आधी विचारले, "तुमची अडचण काय ती सांगा." माझ्या मते बैठक टिकली ती यामुळे.

मालक उतारूंचे, डिझेलचे बोलला; ते अपेक्षित होते. खरी गोष्ट चालकाने सांगितली. वाड्यावर रस्ता संपतो तिथे बस वळवायला जागा नाही. पूर्वी एका घराच्या खळ्यात मागचे चाक घालून तो बस वळवायचा. टाळेबंदीत त्या घराने खळ्याला गडगा, म्हणजे दगडी कुंपण, घातला. दिवसा कंडक्टर मागे उभा राहून हात दाखवतो आणि बस उतारावर मागे घेत-घेत वळवता येते. रात्री, पावसात, शेवाळ धरलेल्या उतारावर ते होत नाही. एकदा मागचे चाक गटारात गेले आणि रात्रभर बस तिथेच अडकली. त्यानंतर त्याने संध्याकाळी वर जायचे सोडले.

"वळायला जागा द्या, मी उद्यापासून येतो," असे तो म्हणाला. तो स्वतः शेजारच्याच वाड्यावर राहणारा. बस तिठ्यावर लावून घरी जायला त्यालाही चालावेच लागत होते.

जागा कुणाची

इथे काम चार महिने अडकले, आणि ज्यांना सत्तरी माहीत आहे त्यांना याचे नवल वाटणार नाही.

रस्ता संपतो तिथे डाव्या हाताला सपाट तुकडा आहे. त्यावर एका कुटुंबाची काजूची झाडे, तीन पिढ्यांची लागवड. जमिनीच्या नोंदीचा, म्हणजे नमुना १ व १४ चा, उतारा काढला तर जमीन सरकारच्या नावावर, आणि कुटुंबाचे नाव इतर हक्कांच्या रकान्यात. सत्तरीत मोकासो आणि अल्वारा या जुन्या धारणापद्धतींच्या जमिनींचा प्रश्न पोर्तुगीज काळापासूनचा आहे. लोक पिढ्यानपिढ्या कसतात, पण मालकी कागदावर येत नाही. अशा कुटुंबाकडे पंचायत ना हरकत पत्रावर सही मागायला गेली.

कुटुंबाने नकार दिला. गावात लगेच चर्चा सुरू झाली की चार झाडांसाठी हे लोक पोरींना अंधारात चालवतात. ही चर्चा अन्यायाची होती. त्यांची भीती झाडांची नव्हती. जमीन सरकारी आहे आणि रस्त्याला द्यायला आमची हरकत नाही, अशा मजकुराखाली एकदा सही गेली की उद्या मालकीचा दावा करताना तोच कागद समोर येईल, असे त्यांच्या मुलाला वाटत होते. ही शंका वेडगळ म्हणता येणार नाही.

सरपंचांपुढे दोन वाटा होत्या. जमीन उताऱ्यावर सरकारी आहे, तेव्हा वरून आदेश आणून काम करायचे. किंवा दुसरी जागा शोधायची. काही पंच पहिल्या वाटेचे होते. सरपंच नव्हत्या. ज्या गावात निम्म्या घरांचे कागद याच अवस्थेत आहेत, तिथे एका घराच्या बाबतीत पंचायतीने सरकारी उतारा पुढे केला तर उरलेली घरे पंचायतीकडे कुठल्या नजरेने पाहतील, असे त्यांचे म्हणणे होते. मला ते पटले होते आणि आजही पटते, जरी त्यापायी एक पावसाळा वाया गेला.

दुसरी जागा अखेर रस्त्याच्या शेवटी नव्हे, थोडी अलीकडे सापडली. वाड्यावरची सरकारी मराठी प्राथमिक शाळा पटसंख्या घटल्यामुळे बंद झालेली होती. तिचे अंगण मोठे, कडक जांभ्याचे, आणि रस्त्याला लागून. शाळा शिक्षण खात्याची, त्यामुळे अंगण वापरायची परवानगी त्या खात्याकडे मागितली. वाड्यावरच्या काही वयस्कांना हे रुचले नाही. शाळा पुन्हा सुरू व्हावी अशी त्यांची आशा होती, आणि अंगणात बस उभी राहिली म्हणजे ती आशा संपली असे त्यांना वाटले. परवानगीच्या अर्जात मग एक वाक्य मुद्दाम घातले: शाळा पुन्हा सुरू झाल्यास पंचायत अंगण मोकळे करून देईल. त्या वाक्यावर वयस्कांनी मान डोलावली.

केलेली कृती

१९ डिसेंबर, गोवा मुक्तिदिनाच्या खास ग्रामसभेत जुना ठराव बदलला. शेडऐवजी शाळेच्या अंगणाचे तोंड रुंद करणे, गटारावर मजबूत झाकण टाकणे आणि अंगणात व चढावरच्या दोन वळणांवर दिवे बसवण्याची वीज खात्याकडे मागणी करणे, असा मजकूर झाला. काम पंचायत विकास आराखड्यात घेतले. शेडचा विषय सोडला नाही, पुढच्या वर्षावर ढकलला. तिठ्यावरच्या पंचांनी त्यावर आग्रहाने नोंद करून घेतली, आणि तो त्यांचा हक्कच होता.

मालकाशी झालेले बोलणे पंचायतीने पत्राच्या रूपात लिहून काढले: जागा झाल्यावर संध्याकाळची फेरी परमिटप्रमाणे वाड्यापर्यंत येईल, आणि तोवर पंचायत तक्रार करणार नाही. पत्रावर दोन्ही बाजूंच्या सह्या झाल्या. याला कायद्याचे बळ फारसे नाही, पण सगळ्यांसमोर लिहिलेला शब्द मोडणे लहान गावात सोपे नसते.

काम मेअखेर, पाऊस लागण्याआधी, पुरे झाले.

परिणाम

जूनपासून संध्याकाळची बस वर येऊ लागली. कुणी मागितली नव्हती अशी एक सोय त्यातून निघाली. चालकाचे घर जवळ असल्याने बस रात्री शाळेच्या अंगणातच राहू लागली. त्यामुळे सकाळची पहिली फेरी तिठ्याऐवजी वाड्यावरून सुटते आणि पहिल्या पाळीच्या कामगारांना ती सापडते. मालकाचे म्हणणे असे की सकाळचे उतारू त्यामुळेच परत आले. संध्याकाळचे मात्र हळूहळू येत आहेत. ज्या घरांनी कर्जावर स्कूटर घेतली ती बसकडे लगेच वळत नाहीत.

वळणांवरच्या दिव्यांपैकी एक लागला, दुसरा राहिला. दुसऱ्या पाळीहून रात्री उशिरा सुटणाऱ्यांना या सगळ्यातून काहीच मिळाले नाही. त्यांच्यासाठी मुख्य रस्त्यावरही बस नसते. मिनीबस दुरुस्तीला गेली की बदली बस नाही. आणि रविवारी बस येत नाही ती येतच नाही.

वेगळे काय करता आले असते

परमिट आधी वाचायला हवे होते. गावात बस येत नसेल, अर्धवट येत असेल, वेळ पाळत नसेल, तर पंचायतीने सर्वांत आधी त्या मार्गाच्या परमिटची आणि वेळापत्रकाची प्रत मिळवावी. अर्जाची फी १० रुपये आहे. शेडचे अंदाजपत्रक करायला इंजिनिअर बोलावण्याआधी हे झाले असते तर एक वर्ष वाचले असते.

मालकापेक्षा चालकाला आधी विचारायला हवे होते. मालक हिशेब सांगतो, चालक रस्ता सांगतो. त्या दिवशी चालक योगायोगाने सोबत आला. त्याला बोलावणे गेलेच नव्हते.

ज्या कुटुंबाने सही नाकारली त्यांच्याकडे पंचायत तयार कागद घेऊन गेली. आधी नुसते बोलायला गेली असती आणि मजकूर त्यांच्या वकिलाला दाखवून ठरवला असता, तर कदाचित नकार आला नसता. निदान गावात त्यांच्याबद्दल वाईट बोलले गेले नसते. ती कटुता अजून पुरती गेलेली नाही, आणि या प्रकरणात पंचायतीने मोजलेली सर्वांत मोठी किंमत मी तीच धरतो.

आणखी एक गोष्ट या कामात फार उशिरा लक्षात आली. साधारण ग्रामसभा रविवारी असते आणि रविवारी वाड्यावर बस नसते. म्हणजे बसचा प्रश्न ज्यांना सर्वांत जास्त जाचतो, त्यांनाच सभेला यायला बस नाही. जुलैच्या सभेत वाड्यावरचे जे होते ते स्कूटर असलेल्या घरांतले पुरुष होते. कॉलेजच्या मुली नव्हत्या, औषधाला जाणाऱ्या बायका नव्हत्या. म्हणून तिठ्यावरून दिसणारी अडचण ठरावात आली आणि वाड्यावरची आली नाही. सभेआधी वाड्यावर जाऊन एक छोटी बैठक घेतली असती, किंवा ग्रामसभाच एकदा शाळेच्या अंगणात भरवली असती, तर "शेड" हा शब्द ठरावात कदाचित आलाच नसता.

पुढची पायरी परमिटच्या नूतनीकरणाची आहे. परमिट पाच वर्षांचे असते आणि मुदत संपायच्या किमान १५ दिवस आधी मालकाला अर्ज करावा लागतो. त्या वेळी रविवारची एक फेरी वेळापत्रकात घालावी, अशी लेखी मागणी पंचायत वाहतूक खात्याकडे करणार आहे. मालकाला ते मान्य व्हावे म्हणून रविवारी किती माणसे खरोखर बसमध्ये चढतील याची नोंद वाड्यावरच्या बचत गटाच्या बायका घरोघर फिरून करत आहेत. ही वही घेऊन त्या ऑक्टोबरच्या ग्रामसभेला येणार आहेत. त्यांना आणायला पंचायतीने त्या रविवारी मिनीबसचीच एक फेरी ठरवली आहे.